सदोषता-संभाव्यता

उत्पादित मालाच्या लॉटमधून यदृच्छेने उचललेला नग सदोष निघण्याची संभाव्यता. ५० नगांत ३ सदोष असतील, तर ती ३/५० म्हणजे ०.०६. परत न ठेवता दोन नग उचलले, तर दोन्ही निर्दोष निघण्याची संभाव्यता ४७/५० × ४६/४९ = ०.८८२, म्हणून निदान एक सदोष सापडण्याची ०.११८. पहिला नग परत ठेवल्यास हीच ०.११६ येते. लॉट मोठा असेल तर हा फरक सोडून देता येतो.

लॉट मोठा आणि सदोष नग विरळ असल्यास प्वासाँ वितरण, म्हणजे विरळ घटना किती वेळा घडेल याची संभाव्यता केवळ तिच्या सरासरी संख्येवरून देणारे सूत्र, सोयीचे पडते. सदोषता २ टक्के धरली, तर ५० नगांत एकही सदोष न सापडण्याची संभाव्यता द्विपदी सूत्राने (येथे ०.९८ चा ५० वा घात) ०.३६४, प्वासाँने ०.३६८ येते. या वितरणाचे श्रेय फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या १८३७ च्या ग्रंथाला देण्याची प्रथा आहे. गणिती द म्वाव्र यांच्या १७११ च्या लॅटिन निबंधात ते आधीच सापडते, असे काही इतिहासकार मानतात. तेथे ते एका उदाहरणाच्या ओघात येते, स्वतंत्र वितरण म्हणून नव्हे. त्यामुळे रूढ नाव बदलण्याचे कारण दिसत नाही. प्वासाँ यांच्यापुढे प्रश्न होता तो न्यायालयीन निकालांचा. विरळ घटनांना हे वितरण कसे लागू पडते, हे संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी १८९८ मध्ये प्रशियन सैन्यात घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंवरून दाखवले. कारखानदारीत अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ शूहार्ट यांचा नियंत्रण आलेख (उत्पादनातील चढउतार मर्यादेत आहेत का, हे दाखवणारा) १९२४ चा; डॉज व रोमिग यांची नमुना-तपासणीची कोष्टके (लॉटमधले किती नग तपासावेत व किती सदोष चालतील, हे सांगणारी) १९४० च्या दशकात प्रसिद्ध झाली.

मराठवाड्यात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत हे गणित रोजचे. मात्र टूल झिजले की सदोष नग लागोपाठ पडतात. नग परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत आणि संभाव्यतांचा साधा गुणाकार फसतो.

बियाण्याला उत्पादित माल म्हणावे का, हा वादाचा मुद्दा. हिशेब मात्र तोच. सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के धरतात. पेरणीपूर्वी शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात व काही दिवसांनी कोंब मोजतात. खरी उगवण ७० टक्के असली तरी अशा चाचणीचे प्रमाण विचलन (सरासरीच्या आसपासचा नेहमीचा चढउतार) सुमारे ४.६ दाणे येते. तेव्हा ६५ दाणे उगवले, एवढ्यावरून पिशवी निकृष्ट ठरत नाही.