बर्म्युडाच्या स्वातंत्र्याचं भिजत घोंगडं

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी बर्म्युडात प्रोग्रेसिव्ह लेबर पार्टीने (पीएलपी) सलग तिसऱ्यांदा बहुमत मिळवलं. ३६ पैकी २५ जागा. ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायचं हे या पक्षाचं १९६० च्या दशकापासूनचं धोरण. २०१२ ते २०१७ हा काळ सोडला तर १९९८ पासून सत्ताही त्यांचीच. बहुसंख्य लोकांनी स्पष्टपणे मागितलं तर अडवणार नाही, असं ब्रिटन कित्येक वर्षं सांगत आलं आहे. तरी बर्म्युडा आजही ब्रिटनचा सागरपार प्रदेश आहे, म्हणजे अंतर्गत कारभार स्वतःचा, पण सार्वभौमत्व ब्रिटनचं. मग घोडं अडलं कुठे?

आपल्याकडे बर्म्युडा म्हटलं की त्रिकोण, अर्धी चड्डी आणि फार तर २००७ च्या विश्वचषकात लेव्हरॉकने घेतलेला रॉबिन उथप्पाचा झेल आठवतो. उत्तर अटलांटिकमधला हा द्वीपसमूह जेमतेम ५३ चौरस किलोमीटरचा, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन या मूळ मुंबई बेटापेक्षाही लहान. लोकवस्ती सुमारे ६४,०००. त्यात निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, साधारण तीन दशांश गोरे. इथलं राजकारण समजून घ्यायचं तर हे प्रमाण आधी लक्षात ठेवावं लागतं.

विधिमंडळ इथे १६२० पासून आहे आणि त्याचा अभिमानही फार. पण त्यात बसायचा आणि मत द्यायचा अधिकार शतकानुशतकं मालमत्तेला चिकटलेला होता. बायकांना मत मिळालं १९४४ मध्ये, तेही मालमत्ता असेल तर. नऊ परगणे, प्रत्येकाचे चार सदस्य, मग परगण्यात माणसं कितीही असोत. १९५९ च्या जूनमध्ये कृष्णवर्णीयांनी चित्रपटगृहांवर बहिष्कार टाकला आणि दोन-तीन आठवड्यांत चित्रपटगृहांतली, हॉटेलांतली वेगळी बसण्याची पद्धत मोडली. त्यानंतर सार्वत्रिक मताधिकाराची मोहीम उभी राहिली. १९६३ चा कायदा आला तो हातचं राखून: २५ वर्षांवरच्या सर्वांना एक मत आणि जमीनमालकाला वर आणखी एक. हे जादा मत पुढे दोन-तीन वर्षांत गेलं. परगण्यांवर बेतलेली मतदारसंघ-रचना मात्र २००३ च्या निवडणुकीपर्यंत टिकली.

त्याच १९६३ मध्ये पीएलपी स्थापन झाली. तिला उत्तर म्हणून १९६४ मध्ये हेन्री टकर यांच्या पुढाकाराने अपक्ष सदस्यांची मोट बांधून युनायटेड बर्म्युडा पार्टी (यूबीपी) उभी राहिली. व्यापारी घराण्यांचा पाठिंबा असलेला हा पक्ष सुरुवातीपासून कृष्णवर्णीय नेत्यांना सोबत घेऊन चालला. तो तीस वर्षं सत्तेवर टिकला याचं मोठं कारण तेच. १९६८ च्या राज्यघटनेने अंतर्गत कारभार निवडून आलेल्या सरकारकडे दिला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, अंतर्गत सुरक्षा आणि पोलीस ही चार खाती ब्रिटनने नेमलेल्या गव्हर्नरकडे राहिली. पहिल्याच निवडणुकीत यूबीपीला ३० आणि पीएलपीला १० जागा मिळाल्या.

पुढची दहा वर्षं रक्तरंजित होती. सप्टेंबर १९७२ मध्ये पोलीस आयुक्त जॉर्ज डकेट आणि मार्च १९७३ मध्ये गव्हर्नर रिचर्ड शार्पल्स यांचे खून झाले. या खटल्यांत अडकलेल्या दोघांना २ डिसेंबर १९७७ रोजी फाशी दिली, तेव्हा दंगली उसळल्या आणि ब्रिटिश सैनिक आणावे लागले. दंगलीची कारणं शोधायला नेमलेल्या लॉर्ड पिट आयोगाने वांशिक विषमतेवर बोट ठेवलं आणि स्वातंत्र्याकडे जाण्याची शिफारसही केली. १९८० मध्ये पीएलपी १८ जागांवर पोचली, यूबीपीकडे २२ उरल्या. पुढे पीएलपी फुटली आणि १९८५ मध्ये सात जागांवर आली. स्वातंत्र्य मागे पडलं.

ते पुन्हा वर काढलं यूबीपीच्या प्रीमियरने (म्हणजे सरकारप्रमुखाने), ही या गोष्टीतली खरी गंमत. जमीन-घरबांधणीच्या धंद्यातून पुढे आलेले जॉन स्वॉन १९८२ पासून सत्तेवर होते. शीतयुद्ध संपल्यावर ब्रिटनने आपला नौदल तळ एप्रिल १९९५ मध्ये बंद केला. अमेरिकेने १९४१ मध्ये ९९ वर्षांच्या करारावर घेतलेली, बेटाच्या सुमारे एक दशांश भूमीवरची जागाही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोडली. विमानतळ तोवर अमेरिकन नौदलच चालवत होतं. आपला वाली कोणी राहिला नाही, तर मग आपणच उभं राहू, असा स्वॉन यांचा युक्तिवाद होता. स्वातंत्र्यावर सार्वमत घेऊ आणि ते हरलो तर पायउतार होईन, असंही त्यांनी जाहीर केलं. त्यांच्याच पक्षात यावरून उभी फूट होती. विमा आणि पुनर्विमा (विमा कंपन्यांचाच विमा) कंपन्यांना ब्रिटिश झेंडा आणि प्रिव्ही कौन्सिल या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत जाणारं अपील म्हणजे हमी वाटायची आणि यूबीपीचा मतदार त्यांच्याच बाजूचा.

पीएलपीने या मतदानावर बहिष्कार टाकला. स्वातंत्र्य हवंच, पण निर्णय सार्वत्रिक निवडणुकीत व्हावा आणि त्याआधी असमान मतदारसंघ दुरुस्त व्हावेत, ही त्यांची भूमिका. प्रतिस्पर्ध्याला राष्ट्रपिता का होऊ द्यायचं, हा हिशेब त्यामागे नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

मतदान १५ ऑगस्ट १९९५ ला ठरलं होतं. फेलिक्स चक्रीवादळामुळे ते एक दिवस पुढे गेलं. विरोधात १६,३६९, बाजूने ५,७१४. मतदान ५९ टक्क्यांच्या आतच. आकडे एकतर्फी दिसतात, पण नियम नीट पाहायला हवा. नुसतं बहुमत पुरेसं नव्हतं. नोंदलेल्या एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी 'हो' म्हणणंही आवश्यक होतं. मतदार सुमारे ३७,८००, म्हणजे १५,००० च्या वर 'हो' हवे होते. अशा नियमात घरी बसलेला माणूस 'नाही'च्या पारड्यात जातो. प्रत्यक्ष आलेली मतं २२,००० च्या आसपास असल्यामुळे 'हो'ला झालेल्या मतांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक वाटा लागला असता. स्वातंत्र्यवादी पक्षाने आपले मतदार घरी बसवून ती भिंत स्वतःच उंच केली. स्वॉन पायउतार झाले.

१९९८ मध्ये पीएलपीने ४० पैकी २६ जागा घेऊन यूबीपीची सत्ता पहिल्यांदाच मोडली, पण स्वातंत्र्याला हात लावला नाही. मग २००२ मध्ये ब्रिटनने सागरपार प्रदेशातल्या लोकांना पूर्ण नागरिकत्व दिलं. म्हणजे ब्रिटनमध्ये आणि त्या वेळी सगळ्या युरोपीय संघात राहण्या-कामाची मुभा, बदल्यात काही न देता. ज्या तरुण कृष्णवर्णीय मतदारावर पीएलपीची भिस्त, त्याच्याच खिशात हा पासपोर्ट आला. प्रीमियर अलेक्स स्कॉट यांनी तरीही आयोग नेमला, २००५ मध्ये त्याचा अहवाल आला. पण चर्चा पुन्हा निवडणूक की सार्वमत याच फाट्यावर अडली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये पक्षानेच स्कॉट यांना बदललं.

विषय मिटत मात्र नाही, कारण चार राखीव खात्यांचा काटा अधूनमधून टोचत राहतो. जून २००९ मध्ये प्रीमियर युअर्ट ब्राऊन यांनी ग्वांटानामोच्या अमेरिकी तुरुंगातले चार उइघुर (चीनमधले मुस्लिम) कैदी परस्पर अमेरिकेकडून घेतले. गव्हर्नरला ते उतरल्यावर कळलं आणि सुरक्षा-परराष्ट्र खाती कोणाची, यावर लंडनशी खडाजंगी झाली. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेने सागरपार प्रदेशांवर कंपनी-मालकांच्या खुल्या नोंदवहीची अट घातली, तेव्हा बर्म्युडाने हा घटनेवर घाला असल्याचं म्हटलं. सप्टेंबर २०२२ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या गांजा-परवाना विधेयकाला लंडनच्या सूचनेवरून गव्हर्नरने संमती नाकारली. प्रत्येक वेळी पीएलपीचे नेते स्वातंत्र्याचा उल्लेख करतात आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यात तो मागे ठेवतात.

उद्या कोणी पुढे निघालंच तर टप्पे असे: लोकमताचा निर्विवाद पुरावा, लंडनशी घटना-परिषद, ब्रिटिश संसदेचा कायदा, नवी राज्यघटना. नंतरचे तिन्ही टप्पे ब्रिटनने इतर वसाहतींसाठी अनेकदा पार पाडले आहेत. अडचण पहिल्याची. जून २०१६ मध्ये समलिंगी विवाहावर सल्लागार सार्वमत झालं, तेव्हा किमान ५० टक्के मतदानाची अट होती. मतदान ४७ टक्क्यांच्या आत राहिलं आणि विरोधी मतं मोठ्या संख्येने जास्त असूनही प्रश्न अनुत्तरित राहिल्याचं जाहीर करावं लागलं. स्वातंत्र्यावर पुन्हा मत घ्यायचं झालं तर किमान किती टक्के आणि कशाचे टक्के, हे ठरवणारं कलम लिहितानाच दोन्ही बाजूंची पहिली लढाई होईल.