रब्बीची रात्रपाळी आणि ‘भारनियमन’ या शब्दाचा प्रवास

थंडीचा कडाका वाढला की सांगली-साताऱ्यातल्या तासगाव, जत, खटाव, माणकडून एक मागणी हमखास वर येते : शेतीला दिवसा वीज द्या. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते, राज्यात भारनियमन नाही. मागणी खरी आहे आणि कागदावर उत्तरही खरे आहे. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे समजून घ्यायचे तर या शब्दाचे गेल्या वीस वर्षांत काय झाले ते पाहावे लागते.

थंडी आणि वीजटंचाई यांचे नाते सगळीकडे सारखे नसते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फाळ थंडी आली, घरोघरचे हीटर एकदम लागले आणि त्याच वेळी गॅसच्या विहिरी व वाहिन्या गोठल्याने वीजकेंद्रे बंद पडली. सुमारे ४५ लाख घरे अंधारात गेली. सगळे ग्रिड कोसळायला ४ मिनिटे ३७ सेकंदच उरली होती, असे तिथल्या यंत्रणेने नंतर सांगितले. आपल्याकडे थंडीने केंद्र बंद पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, तेव्हाही खाली कोयनेची जनित्रे चालूच असतात. आपल्याकडे हिवाळ्यात ताण येतो तो पहाटेच्या गीझरने थोडा आणि रब्बीच्या मोटरींनी फार. शाळू, गहू, हरभरा, ऊस, द्राक्षबाग सगळ्यांना याच महिन्यांत पाणी लागते.

कोयनेचा इतिहास इथे सगळ्यांना पाठ आहे. एकच आठवण पुरे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला आणि जनित्रे थांबली, तेव्हा पाटणच्या घाटमाथ्यावरून मुंबईचे कारखाने चालतात हे राज्याला प्रथमच इतके जाणवले. पुढे कृष्णा पाणी तंट्याच्या निवाड्याने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधले गेले. त्यामुळे १९५६ मेगावॉटचा हा प्रकल्प दिवसभर चालवायचा नसून गरजेच्या वेळी काही मिनिटांत उभा करायचा आहे. संध्याकाळी सहा ते दहा ही ती गरजेची वेळ. शेतीचा पुरवठा त्या वेळेतून बाहेर ढकलला गेला, त्याचे मूळ इथेच आहे.

त्याचे तांत्रिक कारण असे. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही, वापर आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळावी लागते. जुळली की विजेची वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) ५० हर्ट्झवर राहते, वापर वाढला की ती घसरते. फार घसरली तर केंद्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकापाठोपाठ बंद होतात. ते टाळायला कुठला तरी भार कापावा लागतो. रुग्णालय, पाणीपुरवठा, कारखाना, शहर असे एकेक बाजूला ठेवत गेले की वेळ बदलता येण्याजोगा एकच मोठा भार उरतो, तो शेतीपंपांचा. उलट मध्यरात्री औष्णिक संच एका मर्यादेखाली कमी करता येत नाहीत, म्हणून तेव्हा वीज पडून असते. ती खपवायची जागाही शेतीपंपच.

दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, नवी निर्मिती फारशी उभी राहिली नव्हती आणि २००५ पासून राज्यात चार-पाच हजार मेगावॉटची तूट आली. राज्य वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या त्या याच वर्षी. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची. त्या काळात घेतलेला एक निर्णय अजून वादात आहे. भारनियमन सगळ्यांना सारखे न वाटता गळती आणि वसुलीवर वाटायचे ठरले. ए, बी, सी, डी अशी गटवारी झाली आणि शेवटी जी-१, जी-२, जी-३. जिथे वीज जास्त गळते आणि बिल कमी भरले जाते, तिथे अंधार जास्त.

बाजूने बोलणारे सांगतात की चोरी आणि थकबाकीचा भुर्दंड प्रामाणिक ग्राहकाने का सोसावा, आणि गटवारीनंतर कित्येक गावांनी तारांवर टाकलेले चोरीचे आकडे काढून बिले भरली. त्यात तथ्य आहे. पण वाहिनी, म्हणजे अनेकांना मिळून वीज नेणारा फीडर, म्हणजे एक माणूस नव्हे. ज्याने दर तिमाहीला बिल भरले, तोही त्याच फीडरवरच्या शंभर थकबाकीदारांसोबत काळोखात बसला. शिवाय कित्येक शेतीपंपांना वर्षानुवर्षे मीटरच नव्हते, हॉर्सपॉवरवर आकारणी होती. मग गळती किती आणि शेतीचा वापर किती, हे ठरायचे अंदाजाने. मोजल्याशिवाय काढलेल्या टक्क्यावर कोणाच्या घरी किती तास दिवा लागेल हे ठरवणे मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही.

त्याच सुमाराला दुसरे काम सुरू झाले : गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. जिथे ते झाले नाही, तिथे सिंगल फेज. म्हणजे घरातला दिवा लागावा, पण मोटर चालू नये. लोकांनी कंडेन्सर लावून सिंगल फेजवर मोटरी ओढल्या, त्यात कित्येकांच्या जळाल्याही. तरी गावात संध्याकाळी उजेड राहू लागला, मुलांचा अभ्यास होऊ लागला, हे या कामाचे मोठे श्रेय आहे.

शब्द बदलला तो मात्र इथेच. फीडर वेगळे झाल्यावर शेतीला मोटर चालवणारी थ्री फेज वीज दिवसा आठ तास किंवा रात्री आठ-दहा तास, आठवड्याच्या चक्राने मिळू लागली. हे झाले ‘वेळापत्रक’. २०१२ च्या अखेरीस राज्य भारनियमनमुक्त करण्याची घोषणा झाली, ४२ टक्क्यांपर्यंत गळती असलेल्या गटांचे भारनियमन उठले, पण शेतीच्या वाहिनीवरचे विजेविना सोळा तास त्या हिशेबात धरलेच नव्हते. भारनियमन म्हणजे जी वीज मिळायला हवी ती न मिळणे. शेतीला मिळायला हवी तीच आठ तास, असे एकदा ठरले की तिचे भारनियमन उरत नाही. कोळसा कमी पडला तेव्हा, २०१७ च्या ऑक्टोबरात आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये, जुन्या अर्थाचे भारनियमन परत आले आणि ‘जी’ गटांची नावे पुन्हा पेपरात दिसली. रात्रपाळी मधल्या काळात कधी थांबलीच नव्हती.

ती रात्रपाळी कशी असते? तासगाव तालुक्यातल्या माझ्या मामांकडे जानेवारीत राहायला गेलो की ती दिसते. रात्री बाराला लाइट येणार म्हणून मामा साडेअकरालाच कानटोपी घालून, बॅटरी आणि खोरे घेऊन निघतात. स्टार्टरच्या पेटीवर दव साचलेले असते, ते धोतराच्या सोग्याने पुसल्याशिवाय ते हात लावत नाहीत. शेजारच्यांनी ऑटो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारे यंत्र, बसवले आहेत. लाइट आली की सगळ्यांच्या मोटरी एकाच क्षणी उचलतात, व्होल्टेज पडते आणि डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला) फ्यूज उडतो. मग वायरमनला फोन. एकदा फ्यूज बांधून मिळेपर्यंत तीन वाजले, पाळी सकाळी आठला संपली आणि सहा सऱ्या कोरड्या राहिल्या. पायात थंड चिखल, उसात साप. कराड, पाटण, शिराळ्याकडे तर उसात बिबट्याही असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात दिवसा दहा तास विजेसाठी आंदोलन झाले, त्यामागे अशाच रात्री होत्या.

उपाय म्हणून २०१७ मध्ये शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर नेण्याची योजना आली, २०२३ मध्ये तिचा मोठा दुसरा टप्पा. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचे बिल २०२४ पासून माफ झाले, त्यामुळे वसुलीचा जुना वाद बराचसा मागे पडला. पाण्याचा वाद मात्र राहिला. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि कोयनेचे पाणी विजेला किती, टेंभू-ताकारी-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांना किती, यावरून हिवाळ्याच्या तोंडावरच सातारा आणि सांगली समोरासमोर आले. त्या योजनांचे पंपही विजेवरच चालतात.

दिवसा विजेच्या मागणीत एक गुंता आहे, त्याबद्दल बागायतदार सोडून कोणी बोलत नाही. पारा आठच्या खाली गेला की द्राक्षमण्यांवर गुलाबी छटा येते, पिंक बेरी, आणि माल निर्यातीतून बाद होतो. घड कागदात गुंडाळतात, बागेत शेकोट्या करतात आणि पहाटे बोअरचे कोमट पाणी सोडतात, कारण ओल्या जमिनीवरची हवा लवकर गार होत नाही. मामांच्या शिवारात ओढ्याच्या अलीकडची वाहिनी आता सौर झाली आहे, तिथे लाइट सकाळी येते. पलीकडे अजून पाळी आहे. गेल्या थंडीच्या लाटेत पहाटे चारला पलीकडच्या बागांना पाणी सुरू होते. अलीकडचे शेतकरी मोटर बंद असलेल्या बोअरशेजारी उसाचे पाचट पेटवून धूर करत बसले होते.