बुडबुडे थांबले, बिअर झाली?

घरी पहिल्यांदाच बिअर करणाऱ्याचा डोळा सारखा एअरलॉककडे, म्हणजे भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेकडे, लागलेला असतो. बुडबुडे येताहेत तोवर यीस्ट कामावर आहे, थांबले की बाटल्या भरायच्या, असा सरळ हिशोब. पण झाकण जरा सैल बसलं की वायू कडेनं निसटतो आणि एअरलॉक पहिल्या दिवसापासून गप्प राहतो. उलट आंबणं संपल्यावरही खोली तापली की बुडबुडे येतात, कारण द्रव जितका गरम, तितका त्यात वायू कमी मावतो.

यीस्ट आपल्या क्रमानं चालतं. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड अर्कात, म्हणजे वर्टमध्ये, टाकल्यावर पहिले काही तास वर काहीच दिसत नाही. आत मात्र ते मिळेल तो ऑक्सिजन वापरून पेशींच्या आवरणासाठी स्टेरॉल बनवत असतं. मग फेस चढतो. अर्कातल्या साखरांपैकी आधी ग्लुकोज संपतं, मग माल्टोज, शेवटी माल्टोट्रायोज. ग्लुकोज भरपूर असेपर्यंत माल्टोज आत घेणारी यंत्रणा यीस्ट बंदच ठेवतं. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस धुमाकूळ आणि मग लांबलेलं शेपूट. या शेपटातच यीस्ट डायअॅसिटिल हे लोण्यासारख्या वासाचं रसायन परत शोषून घेतं. घाई केली तर तो वास बिअरमध्ये राहून जातो.

आंबणं कुठवर आलं हे घनता मोजणारा हायड्रोमीटर सांगतो: साखर संपत जाते तशी घनता उतरते. घनता १.०५० वरून सुरू होऊन, समजा, १.०१० वर थांबायची आहे. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं माप तेच आलं तर काम संपलं असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. थंडीनं यीस्ट झोपलं तरी माप स्थिरच दिसतं. शंका असेल तर थोडी बिअर वेगळी काढावी, त्यात जास्तीचं ताजं यीस्ट घालून उबेत ठेवावी आणि ती कुठवर उतरते ते पाहावं.

एवढी चिकाटी कशासाठी, हे बाटलीत कळतं. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून साधारण ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे साखरेच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग वायू. २० अंश सेल्सिअसला आंबून झालेल्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे १.७ ग्रॅम वायू आधीच विरघळलेला असतो. नेहमीच्या फसफशीसाठी पाचेक ग्रॅम लागतो. उरलेल्या तीनेक ग्रॅमसाठी बाटली भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर पुरते.

आता घनता १.०१० ऐवजी १.०१४ वर असताना बाटल्या भरल्या असं धरा. घनता ०.००१ नं उतरली की लिटरमागे ढोबळमानानं एक ग्रॅम वायू निघतो. म्हणजे राहिलेल्या साखरेतून चार ग्रॅम जास्तीचा, आणि वर आपण घातलेली साखर वेगळीच! साधी काच एवढा दाब सोसेलच असं नाही. माझ्या पहिल्या खेपेच्या दोन बाटल्या कपाटात फुटल्या, तेव्हा मी नशिबानं दुसऱ्या खोलीत होतो.

याहून छुपा शत्रू म्हणजे डायास्टॅटिकस. बिअरच्याच यीस्टचा हा प्रकार, पण इतर यीस्ट ज्याला हात लावत नाही त्या डेक्स्ट्रिनचे (साखरेच्या लांब साखळ्यांचे) तुकडे करून तो खात राहतो, कधीकधी महिनोन् महिने. नको असलेल्या यीस्टचा हा उपद्रव जुनाच. डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून त्यावर तोड काढली. घरी मात्र नळ्या नि झाकणं कसून निर्जंतुक करणं, एवढंच आपल्या हाती.

बाटल्या दोन आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवाव्यात. त्याच बिअरनं सोड्याची एक प्लॅस्टिक बाटली भरली की ती दाबून आतला जोर कळतो. दगडासारखी घट्ट लागली की सगळ्याच बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात: थंडीत वायू बिअरमध्ये मुरतो, यीस्टही तळाशी बसतं. ओतताना तो गाळ मागेच ठेवावा म्हणतात. मी पिऊन टाकतो. चव जराशी पावाकडे झुकते, एवढंच.