दमलेल्याला बसवायचं कुठे? फुटीतल्या इंटरचेंजची थोडी पार्श्वभूमी

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, आणि त्याची मोठी लीग म्हणजे AFL. तिथे २०२६ पासून सब (एकदाच आत जाणारा बदली खेळाडू, ज्याच्या जागी जातो तो परत येत नाही) काढून टाकला, बेंचवर आलटून पालटून आत-बाहेर करणारे चारऐवजी पाच जण केले आणि रोटेशनची, म्हणजे एका टीमने मॅचमध्ये करायच्या अशा बदलांची, लिमिट मात्र ७५ चीच ठेवली, त्यामुळे परत वाद सुरू झालेत आणि नवीन बघणाऱ्यांना वाटतं हे काहीतरी आत्ता निघालेलं खूळ आहे. तसं नाहीये. दमलेला माणूस मैदानात उभा करून ठेवायचा की बाहेर नेऊन बसवायचा, हे भांडण जुनंच आहे, फक्त दर काही वर्षांनी नवीन नावाने येतं.

अगदी जुनं पटकन सांगतो. ही लीग आधी मेलबर्नची होती, तिथे सुरुवातीला राखीव खेळाडू हा प्रकारच नव्हता, कोणी लंगडायला लागला तर एक कमी घेऊन खेळा. मैदानात टीमचे १८ जण असतात, १९३० ला १९वा माणूस आला, १९४६ ला २०वा, पण हे साधे बदली खेळाडू, बाहेर गेलेला परत येत नाही. दमलेल्यांची सोय मैदानातच असायची, रकमन (बॉल वर उडवला की त्यासाठी उडी मारणारा उंच खेळाडू) नाहीतर रोव्हर (त्याच्याजवळ बॉल उचलणारा चपळ खेळाडू) पळून पळून थकला की गोलजवळच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये जाऊन उभा राहायचा, श्वास घ्यायचा, बॉल आलाच तर बघू. १९वा माणूस नुसता जखमींसाठी होता असं मात्र नाही. १९७० च्या फायनलला हाफटाइमला ४४ पॉइंटने मागे असलेल्या टीमने त्याला उतरवलं, पठ्ठ्याने ४ गोल मारले आणि टीम १० पॉइंटने जिंकली. लाखाच्या वर लोक होते त्या दिवशी ग्राउंडवर.

१९७८ ला खरा बदल झाला, बाहेर गेलेला परत येऊ शकतो, म्हणजे इंटरचेंज. दोनच जण बेंचवर, १९९४ ला तिसरा, १९९८ ला चौथा. पण नियम आला म्हणून डावपेच लगेच आले नाहीत, बरीच वर्षं बेंच म्हणजे दुखापतवाल्याची नाहीतर वाईट खेळणाऱ्याची जागा, तिथे बोलावलं की माणूस मान खाली घालून यायचा. बेंचवर जाणं ही शिक्षा नसून इंधन भरणं आहे हे कोच लोकांच्या डोक्यात २००० नंतर शिरलं, आणि शिरलं ते असं शिरलं की विचारू नका. मिडफिल्डरने पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळायचं, गोल झाला की बॉल सेंटरला परत जाईपर्यंत जो वेळ मिळतो त्यात बेंचकडे स्प्रिंट मारायची, दोन मिनिटं बसायचं, परत आत. (गोल मारणाराच सेलिब्रेशन अर्धवट सोडून बाहेर पळतोय हे बघून माझे बाबा पहिल्यांदा म्हणाले, ह्याला काढला का?) एका टीमचे मॅचमागे २००७ ला साठच्या आसपास बदल व्हायचे, २०१० ला सरासरी ११७.

मध्ये २००८ ला सिडनीच्या टीमचे शेवटच्या मिनिटांत मैदानात १९ जण निघाले आणि मॅच ड्रॉ झाली. जुन्या नियमात समोरच्या कॅप्टनने मोजणी मागितली आणि जास्तीचा माणूस सापडला तर तोपर्यंतचा सगळा स्कोअर पुसला जायचा, पण इथे मोजणी कोणी मागितलीच नाही! त्यानंतर बेंचच्या लाइनवर नजर ठेवायला माणसं आली, चुकलं तर समोरच्यांना फ्री किक आणि वर बॉल ५० मीटर पुढे.

आता मुख्य घोळ, 'सब' ह्या शब्दाचा. २०११ ला लीगने ठरवलं की बेंचवर तीनच इंटरचेंज आणि चौथा सब. कारण दोन सांगितली. एक, पहिल्या क्वार्टरमध्ये एखादा जखमी झाला की ती टीम रोटेशनमध्ये मागे पडते आणि शेवटी दमून हरते, ते योग्य नाही. दुसरं, सतत ताजेतवाने खेळाडू आल्यामुळे खेळ फार फास्ट झालाय आणि बॉलभोवती जत्रा भरतेय. पहिलं कारण मलाही पटतं. पण अंमलबजावणी बघा, सबने हिरवं व्हेस्ट घालून बसायचं आणि तो आत गेला की ज्याच्या जागी गेला त्याने लाल व्हेस्ट घालून उरलेली मॅच बघायची. हिरव्या व्हेस्टवाला म्हणजे आपला लिंबूटिंबू, तीन क्वार्टर सायकल मारून अंग गरम ठेवायचं, शेवटी पंचवीस मिनिटं खेळायला मिळणार. बहुतेक वेळा कोवळी पोरंच असायची त्यात. आणि लालवाला तर सगळ्या स्टेडियमसमोर नापासाचा शिक्का घेऊन बसायचा.

गंमत म्हणजे रोटेशन कमी झालेच नाहीत, उलट उरलेल्या तिघांनाच कोचनी गरागरा फिरवलं आणि २०१३ पर्यंत आकडा १३० च्या वर गेला. मग सरळ मर्यादा घालायची ठरली, २०१३ च्या सीझनआधीच्या मॅचेसमध्ये ८० ची ट्रायल घेतली, क्लबांनी आरडाओरडा केला, शेवटी २०१४ ला १२० वर तडजोड झाली. २०१६ ला व्हेस्ट गेलं, बेंचवर परत चौघे आले आणि लिमिट ९० झाली, २०२१ ला ७५. क्वार्टरच्या ब्रेकमधले बदल ह्यात धरत नाहीत. दुखापती ह्याने वाढतात की कमी होतात ह्यावर दोन्ही बाजूंचे डॉक्टर आणि फिटनेसवाले हिरीरीने बोलले, प्रत्येकाचा कल आपापल्या क्लबच्या सोयीचा, हेही खरं.

सब मेला म्हणावं तर २०२१ ला सीझनच्या तोंडावर परत आला, ह्यावेळी मेडिकल सब म्हणून. आधी फक्त डोक्याला मार लागला तर असं बोलणं होतं, मग कुठलीही दुखापत चालेल असं झालं. डॉक्टरने सांगायचं की हा आता खेळू शकत नाही. आणि 'खेळू शकत नाही' म्हणून बाहेर गेलेले काही जण पुढच्या आठवड्यात टुणटुणीत खेळताना दिसले, तेव्हा लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. मग २०२३ ला हे नाटक बंद केलं, दुखापत असो नसो, सब केव्हाही वापरा. (त्याच वर्षी आपल्याकडे इम्पॅक्ट प्लेयर आला, हा योगायोगच.) म्हणजे १९३० चा, २०११ चा, २०२१ चा आणि २०२३ चा, चार वेगवेगळे प्रकार आणि कॉमेंट्रीत सगळ्यांना 'सब'च म्हणतात, म्हणून जुन्या आणि नव्या लोकांचं बोलताना हमखास वाजतं.

लिमिट खाली आल्यापासून दमलेले मिडफिल्डर परत फॉरवर्ड पॉकेटमध्ये उभे दिसतात, हात गुडघ्यावर. कोच त्याला मॅचअप (समोरच्या ठराविक खेळाडूशी गाठ घालणं) म्हणतो. पाचव्या खुर्चीवर आता दुसरा रकमन बसवायचा की अजून एक पळणारा, ह्यावर क्लबांचं एकमत नाही.