बाळाच्या आहारात नवी भाजी (बडोदा)

बाळाला सहा महिने (१८० दिवस) पूर्ण झाल्यावर, आईचे दूध चालू ठेवूनच, वरच्या अन्नात एकेक भाजी आणण्याची रीत. बडोद्याच्या मराठी घरांत वरच्या अन्नाची सुरुवात उष्टावणापासून धरतात. मामाच्या मांडीवर बसवून सोन्याच्या अंगठीने किंवा चांदीच्या चमच्याने खीर चाटवतात. मुलाचे उष्टावण सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात. या हिशेबाने मुलींचे उष्टावण कधीकधी पाचव्या महिन्यातच उरकले जाते. विधीचा महिना कोणताही असो, रोजचे भरवणे मुलगा-मुलगी दोघांचेही सहा महिने भरल्यावरच सुरू व्हावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तोवर बहुतेक बाळांची मान सावरलेली असते, आधाराने बसता येते आणि तोंडात आलेला घास जिभेने बाहेर ढकलण्याची उपजत क्रिया ओसरू लागते. ती पुरती ओसरली नसेल तर पहिले काही घास हनुवटीवरच येतात. त्याचा आवडीनिवडीशी संबंध नसतो.

खिरीनंतर तांदूळ-मुगाचे खिमट, मग गुरगुट्या भात आणि त्याच्या जोडीला भाजी, असा क्रम बहुधा असतो. पहिला मान दुधीचा किंवा लाल भोपळ्याचा. पाठोपाठ गाजर, बटाटा, फरसबी, घोसाळी. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत १९०६ साली उभ्या राहिलेल्या खंडेराव मार्केटात आजही भाजी मिळते. तिथे ही मराठी मंडळी विक्रेत्याकडे गुजराती नावांनी कोळू (लाल भोपळा), फणसी (फरसबी) आणि गलका (घोसाळी) मागतात आणि घरी आणून मराठी पद्धतीने शिजवतात. ऋतूचाही हात असतो. बाळाचा सहावा महिना चातुर्मासात आला तर पाळणाऱ्या घरांत कांदा, लसूण, वांगे बंद असतात, आणि पावसाळ्यातल्या चिखलट पालेभाज्या आजी स्वयंपाकघरात येऊ देत नाही. मग दुधी-भोपळ्यावरच भिस्त. थंडीत मात्र गाजर, मटार, पालक, मेथी अशी चंगळ.

खरी अडचण पहिल्या घासानंतर येते. बाळ कपाळाला आठ्या घालते, अंग शहारते, तोंड फिरवते, आणि घरात निकाल लागतो: ‘ह्याला दुधी आवडत नाही.’ हा निकाल फार घाईचा आहे. गोड चवीची ओढ आणि कडू चवीचा नकार माणूस जन्मतःच घेऊन येतो. बाकीच्या चवी पुन्हा पुन्हा भेटून ओळखीच्या होतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात सुमारे सात महिन्यांच्या बाळांना त्यांनी नाकारलेलीच भाजी एक दिवसाआड आठ वेळा दिली. शेवटी बहुतेक बाळे ती आवडत्या भाजीइतकीच खाऊ लागली. घरोघरी मात्र तीन-चार प्रयत्नांतच भाजी यादीतून बाद होते. दर खेपेला एक-दोन चमचे पुरतात. तोंड मिटले की थांबावे. नाक धरून किंवा मोबाइल दाखवून भरवलेला घास या मोजणीत धरू नये.

चवीची ओळख खरे तर त्याआधीच सुरू झालेली असते. फिलाडेल्फियातील संशोधकांनी २००१ साली दाखवले की गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतलेल्या आयांची बाळे गाजराच्या चवीचे खाणे तोंड फारसे वाकडे न करता खातात. लसणाचा वास दुधात उतरतो हेही सिद्ध झालेले आहे. बाळंतिणीच्या पानात शेपू, मेथी, लसूण वाढणाऱ्या आज्यांना आपण बाळाचीही तयारी करून घेतो आहोत याची कल्पना नसेल, पण काम होत असावे.

बडोद्यात आणखी एक पेच आहे. गुजराती शेजाराने म्हणा किंवा मुळातल्या सवयीने म्हणा, इथल्या मराठी वरणा-भाजीतही गुळाचा खडा पडतो, आणि बाळाची भाजी तर हमखास गोड केली जाते. गोडामुळे वाटी रिकामी होते, पण बाळाला दुधी कळतच नाही. पहिल्या वर्षात साखर, गूळ, वरचे मीठ टाळावे. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सगळ्या भाज्या एकाच खिचडीत शिजवण्याची सोयही अशीच चवी लपवणारी. नवी भाजी निदान सुरुवातीला वेगळी भरवावी.

भाजी वाफवून पुरणयंत्रातून काढली तर थोडा रवाळपणा राहतो. मिक्सरमधून गंधासारखी वाटलेली भाजी फार काळ देत राहू नये. आठव्या महिन्याच्या सुमारास बोटांत धरता येतील असे मऊ तुकडे द्यावेत. कच्चे गाजर मात्र नको, ते घशात अडकते.

दुधी शिजवण्यापूर्वी कच्चा तुकडा स्वतः चाखावा आणि कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यावा: कुकुर्बिटासिन या द्रव्यामुळे कडू दुधी विषारी ठरतो, मोठी माणसेही त्याने दगावली आहेत. पालक, बीट, गाजर यांत नायट्रेट असते. शिजवून बाहेर ठेवल्यास जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, जे लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते. बडोद्याच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात सकाळची भाजी संध्याकाळी भरवणे म्हणूनच वाईट. बिटानंतर लाल शी किंवा गाजर-भोपळ्याने पिवळसर झालेले तळवे यांना घाबरण्याचे कारण नाही. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर डॉक्टरांकडे जावे.

भाजीला तिच्या जागी ठेवायला हवे. दुधी बहुतांशी पाणीच, आणि सहाव्या महिन्यानंतर बाळाला सर्वाधिक उणीव भासते ती लोहाची. पालकातले लोह अंगी थोडेच लागते, लिंबू पिळले तर थोडे अधिक. डाळीच्या वरच्या पाण्यातही फारसे काही नसते. डाळ घोटून घट्टच द्यावी, चालत असेल तिथे अंडेही. गुजरातेत अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘बालशक्ती’ची तयार पाकिटे मिळतात. ती भाजीच्या जोडीला चालतात, भाजीऐवजी नव्हे.