गावाकडच्या केबिनमध्ये कुटुंबासह राहायला जाताना

१० × २० फुटी पोर्टा केबिन घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बुकिंगच्या वेळी चौकशी असते ती केबिनच्या आतली. फ्लोअरिंगचा रंग कोणता, खिडक्या किती, ओटा कुठल्या भिंतीला. राहायला गेल्यावर फोन येतात ते बाहेरचे: संडास तुंबला, टँकर आत वळेना, दारात चिखल झाला, दुपारी आत बसवत नाही. म्हणून या पत्रकात आधी बाहेरचं आणि मग आतलं. चौथरा, शोषखड्डा, टाकी आणि वीज या चार गोष्टींचे फोटो मिळाल्याशिवाय आम्ही केबिन गाडीवर चढवत नाही. ही अडवणूक वाटते, पण केबिन एकदा बसली की तिच्या मागे खड्डा खणायला जेसीबी जात नाही.

पुढचा सगळा हिशेब चार माणसांचा, दोन मोठी आणि दोन मुलं, असा धरला आहे. हवामान मुळशी-मावळपासून कोकणापर्यंतचं.

पैसे भरण्याआधी गच्चीवर खडू

सोसायटीच्या गच्चीवर खडूने १० × २० चा चौकोन आखा. भिंती ५० मिमी जाडीच्या पफ पॅनलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) असतात, म्हणजे आत मिळतात साधारण ९ फूट ८ इंच × १९ फूट ८ इंच. त्यातून ४ × ६ चं बाथरूम काढा. दोन फूट रुंदीचा ओटा काढा. फ्रिज काढताना त्याचं दार उघडल्यावर लागणारी जागाही काढा. आता चौघंही आत उभे राहा. एकाने पोळ्या लाटायच्या, एकाने फ्रिज उघडायचा, एकाने बाथरूमकडे जायचं. कोण कुणाला धडकतं ते बघा. या अर्ध्या तासात निम्म्या फर्निचरचा निकाल लागतो.

६ × ६॥ चा डबल बेड एकटाच सुमारे ३९ चौरस फूट खातो, म्हणजे केबिनचा पाचवा हिस्सा. त्याऐवजी खाली खण असलेले दोन ४ फुटी दिवाण घ्या. लोखंडी कपाट एकच, आणि तेही लांबीच्या भिंतीलगत, कारण जमिनीखालचे मुख्य लोखंडी चॅनल (तुळया) तिथून जातात. केबिनच्या मधोमध जड वजन ठेवलं की वर्षभरात तिथली जमीन पायाखाली दबायला लागते. सोफा आणू नका.

मुलांसाठी बंक बेड हवा असेल तर तसं आधी सांगा. आतली उंची ८ फूट असते आणि छताच्या पंख्याची पाती सात फुटांच्या आसपास येतात. वरच्या बंकवर उठून बसलेल्या मुलाचा हात सहज पात्यात जातो. बंक असलेल्या बाजूला आम्ही छताचा पंखा लावत नाही, भिंतीचाच लावतो. याबाबत कृपया आग्रह करू नये.

कागदपत्रं

केबिन उचलून नेता येते म्हणून परवानगी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. माणसं राहायला लागली, संडास आणि मीटर आला, की ते राहतं घर झालं. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीत, शेतजमीन असेल तर तहसील कार्यालयात सातबारा घेऊन जा आणि लेखी विचारा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शेतघराची तरतूद आहे. तिच्या अटी तुमच्या गटाला लागू होतात का, ते तिथेच कळेल. तोंडी ‘काही होत नाही, ठेवा’ यावर विसंबून आमच्याकडे अ‍ॅडव्हान्स भरू नका.

चौथरा आणि गाडीचा रस्ता

रिकामी केबिन ३ टनांच्या आसपास भरते. ती उतरवायला हायड्रा (चाकांवरची क्रेन) लागतो. हायड्राला १२ फूट रुंद, टणक रस्ता हवा आणि वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा नकोत. जूनमध्ये शेतात शिरलेला हायड्रा रुतला की त्याला काढायला दुसरं यंत्र आणावं लागतं आणि दोन्हींचं भाडं तुमच्या माथी. म्हणून उतरवणी १५ मेपूर्वीच.

चौथऱ्यासाठी सहा खांब पुरतात, प्रत्येक लांब बाजूला तीन. खांब दीड फूट चौरस, जमिनीवर किमान दीड फूट उंच. खाली किती खणायचं हे फुटांत ठरत नाही. कडक मुरूम लागेपर्यंत खणायचं. काळ्या मातीत हे विशेष पाळा, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कोकणात जांभ्याच्या चिऱ्याचे खांब चालतात, फक्त वर चार इंच काँक्रीट ओता. सहाही माथे पाण्याच्या नळीने एका पातळीत आणा, ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

पहिल्या पावसानंतर दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं, तर सुताराला बोलावून दार तासू नका. एखादा खांब बसलेला असतो. जॅक लावून त्या कोपऱ्याखाली लोखंडी पट्टी सरकवली की दार पुन्हा सुरळीत लागतं. तासलेल्या दाराला मात्र फट कायमची राहते.

चारही कोपरे अँकर बोल्टने खांबाला बांधलेले हवेत. केबिन जड आहे, ती कुठे जाते, असं वाटतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. केबिनच्या खालून वारा शिरतो, हे लक्षात घ्या.

संडास

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मुरमाड जमिनीत दोन शोषखड्ड्यांचा संडास उत्तम: आतून एक मीटर व्यासाचे, चारेक फूट खोल, जाळीदार वीटकामाचे दोन खड्डे, मध्ये किमान तीन फुटांचं अंतर. तळाला कोबा करायचा नाही. चेंबरमधून एका वेळी एकाच खड्ड्यात पाणी सोडायचं, दुसरं तोंड विटेने बंद. पहिला भरला की दुसरा सुरू. बंद केलेल्या खड्ड्यातलं खत व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात, तोवर तो उघडायचा नाही.

गवंडी हमखास दोन गोष्टी बिघडवतात. एक तर दोन्ही तोंडं उघडी ठेवतात, म्हणजे दोन्ही खड्डे एकदमच भरतात. दुसरं, पाइप वाचवायला मोरीचं आणि भांड्यांचं पाणीही तिथेच सोडतात. रोजचं दोन-तीनशे लिटर साबणाचं पाणी खड्ड्यात गेलं की तो कधी सुकतच नाही. ते पाणी वेगळ्या पाइपने काढून केळी, अळू किंवा कर्दळीच्या वाफ्यात न्या. खरकटं अडवायला मध्ये जाळी असलेलं छोटं चेंबर ठेवा.

विहीर किंवा बोअर खड्ड्यापासून ५० फूट दूर हवी. कातळावर शोषखड्डा चालत नाही, पाणी जायला वाटच नसते. तिथे सेप्टिक टँकच बांधावी लागते. कोकणात जुलैत भूजल वर येतं आणि भांड्यात बुडबुडे येऊ लागतात. त्यासाठी खड्डे उथळ ठेवून त्यांचा काठ जमिनीच्या वर उचलून घ्या. आणि दर रविवारी अ‍ॅसिड ओतायची सवय शहरातच ठेवून या. खड्ड्यातले जिवाणूच काम करत असतात.

पाणी

चौघांना काटकसरीने रोज ३५० ते ४०० लिटर लागतं. १,००० लिटरची टाकी अडीच दिवस पुरते. टँकर मागवायची वेळ येणार असेल तर जमिनीलगत ५,००० लिटरची साठवण करा. २,००० चीच असेल तर टँकरवाला उरलेलं पाणी घेऊन परत जातो आणि पैसे पूर्ण घेतो.

टाकी केबिनच्या छतावर कधीही ठेवू नका. हजार लिटर म्हणजे एक टन, छत तेवढ्यासाठी बनवलेलं नाही. शेजारी लोखंडी स्टँड करा. टाकीचा तळ आणि शॉवर यांत पाच फुटांचंच अंतर असेल तर धार बारीकच येणार, त्यात प्लंबरचा दोष नाही. बादलीने अंघोळ करा, नाहीतर छोटा प्रेशर पंप लावा.

वीज

शेतीपंपाच्या जोडणीवरून घराला वायर ओढणं हा विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल येतं. महावितरणकडे घरगुती जोडणीचा अर्ज केबिन बुक केल्याच दिवशी करा, कारण पोल दूर असेल तर वेळ तिथेच जातो.

मीटर आणि केबिन यांत ३०० फूट असतील आणि १.५ चौ. मिमीची तांब्याची वायर टाकली, तर १० अँपियरला वीसेक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. मग फ्रिज घुरघुरतो आणि आमच्या वायरिंगला बोल लागतो. इतक्या अंतराला ६ चौ. मिमी टाका.

केबिन म्हणजे लोखंडी पेटी. अर्थिंग नसेल तर एका सोललेल्या वायरने अख्खी भिंत जिवंत होते. दोन अर्थिंग खड्डे, सांगाड्याला बोल्टने जोडलेली पट्टी आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (गळती झाली की वीज आपोआप तोडणारा स्विच), यात तडजोड नाही. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. ती पडून वीज गेली तर ठीक. पडली नाही तर त्याच दिवशी बदला.

भारनियमनासाठी १५० एएचच्या एका बॅटरीवर तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, पाच एलईडी आणि राउटर आठेक तास चालतात. फ्रिज त्यावर धरू नका. पत्र्याच्या भिंती मोबाइलची रेंज खातात, त्यामुळे घरून काम करणाऱ्यांनी अँटेना बाहेर लावून केबल आत घ्यावी.

ऊन, पाऊस आणि पडवी

पफ पॅनल उष्णता उशिरा आत येऊ देतं, पूर्ण अडवत नाही. केबिनवर दीड-दोन फुटांची मोकळी जागा सोडून पत्र्याची शेड घातली की छतावर ऊनच पडत नाही आणि पावसाचा ताशाही वरच्या वर राहतो. ही शेड चारही बाजूंनी तीन फूट बाहेर काढा, म्हणजे १६ × २६. झड खिडकीपर्यंत पोचत नाही. एवढ्या शेडवर २५ मिमीची एक सर पडली तर पन्हळीतून आठशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं.

दाराकडच्या बाजूला शेड आणखी पाच फूट वाढवली की आठ फुटांची पडवी होते. मुलांचा अभ्यास, भाजी निवडणं, पाहुणे, ओले कपडे, चपला, सगळं तिथे निघतं. बजेट ताणलेलं असेल तर आतलं फॉल्स सीलिंग आणि वॉलपेपर रद्द करा, पण पडवी रद्द करू नका. २०० चौरस फुटांत चौघं पावसाळ्याचे चार महिने एकमेकांवर न ओरडता राहतात ते पडवीच्या जोरावर.

आत कपडे वाळत घातले आणि खिडक्या बंद ठेवल्या की आठवड्यात कपाटामागे काळी बुरशी येते. कपाट आणि भिंतीत तीन इंच सोडा. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी.

गॅस

सिलिंडर बाहेर, जाळीच्या पिंजऱ्यात, सावलीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो; गळला तर जमिनीलगत साचतो आणि एवढ्याशा खोलीत पटकन भरतो. म्हणून ओट्याखाली, जमिनीला टेकून ६ × ६ इंचाची जाळी आम्ही ठेवतोच. झुरळं येतात म्हणून ती बुजवू नका, मच्छरजाळी लावा.

गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवून मिळणार नाही. ४ × ६ च्या बंद जागेत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला वास नसतो, आणि आतल्या माणसाला कडी काढायचंही सुचत नाही. गीझर बाहेरच्या भिंतीवर, गरम पाण्याचा पाइप आत.

साप-विंचू

केबिनखालचा दीड फूट मोकळा आणि झाडलेला ठेवा. तिथे सरपण, विटा, कोंबड्यांचं खाद्य गेलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, म्हणून सगळ्यांनी दिवाणावर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं. दाराखालची रबरी पट्टी फाटली तर लगेच बदला. दंश झाल्यास कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही करू नका. १०८ ला फोन करा आणि दंश झालेल्याला हातपाय न हलवता दवाखान्यात न्या. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे रुळलं. तुमच्या जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस (प्रतिविष) असते, हे राहायला जाण्याआधी स्वतः जाऊन विचारून या आणि नंबर दारामागे लिहून ठेवा.

सामान हलवताना

सगळं एकदम टेम्पोत घालू नका. आधी दोघा मोठ्यांनी दोन रात्री राहून यावं, गाद्या, स्टोव्ह आणि दोन बादल्या घेऊन. रात्री सगळे दिवे आणि पंखे एकदम लावून बघा, टाकी पूर्ण भरून रिकामी करा, संडासात लागोपाठ दहा बादल्या ओता. गळती, तुंबणं, फ्यूज जाणं, जे व्हायचं ते मुलं नसताना होऊ दे. त्यानंतर ओट्याचं आणि झोपायचं सामान. बाकीचे खोके महिनाभर नातेवाइकांकडे. महिन्यात ज्याची आठवण झाली नाही ते आणूच नका.

शाळा सोडल्याचा दाखला, गॅसची ट्रान्स्फर आणि रेशनकार्डाचा पत्ता ही कामं मेमध्येच उरका.

दर वर्षी, मेच्या शेवटच्या आठवड्यात

छताच्या जोडावरचं सिलिकॉन नखाने खरवडून बघा. सुटत असेल तर जुनं पूर्ण काढून, जागा कोरडी करून मगच नवं भरा. जुन्यावर नवं चढवलं तर ते पहिल्या पावसात सालीसारखं निघतं. समुद्रापासून जवळ असाल तर गंज आधी स्क्रूच्या डोक्यांवर आणि पत्र्याच्या कापलेल्या कडांवर धरतो. तिथे घासून झिंक प्रायमर आणि वर रंग. एकेक लिटरचा डबा दोन वर्षं पुरतो. पन्हळीतला पाला काढा, अँकर बोल्टचे नट पान्याने आवळा. पान्याचा साइज केबिनच्या दाराआतल्या पट्टीवर छापलेला आहे.