शेल गॅस विहिरीत सोनिक लॉगवरून छिद्रदाब कसा काढतात : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खडकाच्या छिद्रांत कोंडलेल्या पाण्याचा किंवा वायूचा दाब म्हणजे छिद्रदाब. रिगवर याला सगळे पोअर प्रेशरच म्हणतात. हा अंदाज खाली चुकला, तर मधल्या एखाद्या वाळूच्या पट्टीतून किंवा भेगेतून किक येते, म्हणजे दाबाखालचा वायू किंवा पाणी विहिरीत घुसतं. वर चुकला, तर मड, म्हणजे विहिरीत भरलेला खोदकामाचा द्रव, जड होतो, थर फुटतो आणि मड थरात जातो. शेलमध्ये, म्हणजे चिखल दबून बनलेल्या खडकात, हा दाब सरळ मोजता येत नाही. पर्मिएबिलिटी, म्हणजे द्रव झिरपू देण्याची खडकाची क्षमता, नॅनोडार्सीत, म्हणजे अत्यंत कमी असते, त्यामुळे फॉर्मेशन टेस्टर हा दाबमापक विहिरीच्या भिंतीला टेकवून ठेवला तरी दाब स्थिरावत नाही. म्हणून सोनिक लॉगचा, म्हणजे खडकातून आवाज जायला लागणाऱ्या वेळेच्या नोंदीचा, आधार घ्यावा लागतो.

ओहोटीला ठाण्याच्या खाडीतला चिखल पाहा. त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. असा चिखल खोल गाडला गेला की वरच्या भाराने पाणी पिळून निघतं, कण एकमेकांना भिडतात आणि आवाज वेगाने जातो. पाण्याला वाट मिळाली नाही, तर भाराचा काही वाटा पाणीच उचलतं. कण सैल राहतात, आवाज रेंगाळतो. हा रेंगाळलेला वेळ सोनिक लॉग मायक्रोसेकंद प्रति फुटात देतो.

हिशोबासाठी १९७५ सालचं ईटनचं सूत्र आजही सर्रास वापरतात. ३,००० मीटर खोलीचं उदाहरण घेऊ. वरच्या खडकाचा भार ६७.८ मेगापास्कल, पाण्याचा साधा दाब ३० मेगापास्कल. त्या खोलीला सोनिक ८० यायला हवा होता, आला ८८. ८० भागिले ८८, त्याचा घन ०.७५. भार आणि पाण्याचा दाब यांतला फरक, म्हणजे ३७.८, याला त्याने गुणून भारातून वजा केलं की छिद्रदाब ३९.४ मेगापास्कल येतो. मड वेट, म्हणजे हा दाब तोलणाऱ्या मडची घनता, १.३४ ग्रॅम प्रति घन सेंमी.

साध्या शेलमध्ये काम इथे संपतं. गॅस शेलमध्ये इथे थांबणं धोक्याचं आहे.

गॅस शेलमध्ये केरोजेन, म्हणजे ज्यातून वायू तयार होतो तो सेंद्रिय पदार्थ, असतं. ते हलकं आणि मऊ. वजनाने ५ टक्के सेंद्रिय कार्बन असला, तरी आकारमानाने केरोजेन साधारण १० टक्के भरतं आणि दाब नसतानाही सोनिक वाढवतं. वरच्या ८ मायक्रोसेकंदांतले ४ केरोजेनचे निघाले, तर दाब ३५.१ वर येतो आणि मड वेट १.१९ वर. उलट बाजूही आहे. केरोजेन शिजून वायू तयार होतो, पण त्याला बाहेर पडायला जागा नसते. दाब आतून चढतो आणि आधी घट्ट बसलेल्या कणांवरचा ताण उतरतो. याला अनलोडिंग म्हणतात. इथे घनाचं सूत्र कमी पडतं. घातांक ५ धरला, तर त्याच ८८ वरून ४४.३ मेगापास्कल येतात, मड वेट १.५१. सोनिकचा आकडा एकच, उत्तरं ३५ ते ४४.

यातलं खरं कोणतं, हे घनता लॉग सांगतो. केरोजेन असेल तर वेगासोबत घनताही उतरते. अनलोडिंगमध्ये वेग पडतो, घनता जवळपास तिथेच राहते. दाबलहर आणि कातरलहर दोन्ही मोजणारा डायपोल सोनिकही घ्याच. छिद्रांतला वायू दाबलहरीचा वेग खाली ओढतो, कातरलहरीला फारसा शिवत नाही. दोन्ही लहरी मंदावल्या असतील तर ताण उतरल्याचा संशय बळावतो. एक चूक वारंवार दिसते : सोनिक आणि रेझिस्टिव्हिटी (विद्युतरोध) लॉग एकावर एक ठेवून सेंद्रिय कार्बन काढायचा आणि तोच परत सोनिकमधून वजा करायचा. यात एकच आकडा दोनदा वापरला जातो. कार्बन कोअर (विहिरीतून कापून काढलेला खडकाचा नमुना) किंवा कटिंग्ज (खोदताना वर येणारे खडकाचे तुकडे) यांच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीतूनच यावा.

‘८० यायला हवा होता’ हे ठरवणारी ट्रेंड रेषा वरच्या, केरोजेन नसलेल्या शेलवरूनच आखावी. दुसऱ्या खोऱ्यातली उसनी घेऊ नये. जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला ज्या बॅरन मेझर्स शेलमध्ये ओएनजीसीला वायू मिळाला, त्यासारखे दामोदर खोऱ्यातले गोंडवना थर एके काळी आजच्यापेक्षा खोल होते. वरचा खडक झिजून गेला. ते आजच्या खोलीच्या मानाने जास्त घट्ट असतात. उसन्या रेषेवर दाब चक्क पाण्याच्या दाबाखाली दिसू शकतो.

आमच्या महापेच्या कार्यालयात डेटा देताना नुसती एलएएस फाइल, म्हणजे लॉगच्या अंतिम आकड्यांची फाइल, पुरत नाही. डीएलआयएस या मूळ नोंदींच्या फाइलमधल्या लहरी हव्यात. वॉशआउटमध्ये, म्हणजे भिंत ढासळून विहीर रुंद झालेल्या जागी, सोनिक सायकल स्किप करतो, म्हणजे पहिली लहर चुकवून पुढची पकडतो, आकडा एकदम उसळतो, आणि तो दाब म्हणून वाचला जातो. मूळ लहरी असतील तर पहिली लहर पुन्हा निवडता येते. कॅलिपर (विहिरीचा व्यास), घनता आणि गॅमा-रे (शेल ओळखणारा) हे लॉग, रोजचे मड रिपोर्ट, लीक-ऑफ चाचणी (थर कोणत्या दाबाला मड घेऊ लागतो) आणि विहिरीचा डेव्हिएशन सर्व्हे (विहीर कुठे किती कलली) सोबत द्या. सर्व्हे विसरू नका : आडव्या विहिरीत आवाज थरांना समांतर जातो, वेगाने जातो, आणि दुरुस्ती न केल्यास दाब कमी निघतो.

आमचं शेवटचं उत्तर डीएफआयटीशी जुळवल्याशिवाय पक्कं धरू नका. या चाचणीत थोडं पाणी पंप करून बारीक भेग पाडतात, विहीर बंद करतात आणि दाब उतरताना पाहतात. आधी भेग मिटल्याचा दाब कळतो, छिद्रदाब त्यानंतर बऱ्याच उशिराने. त्यासाठी कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. गेज दोन दिवसांत काढून घेतला, तर हाती फक्त पहिला आकडा लागतो.